आईच्या लुगड्याचा कोकमी काठ

आमच्या आईचे एक लुगडे माझ्या ट्रंकेत आहे. नऊवारी, सुती, गडद निळ्या अंगाचे. काठ असा की तांबडा म्हणावा तर तांबडा नाही आणि जांभळा म्हणावा तर जांभळाही नाही. आई त्याला ‘कोकमी काठ’ म्हणायची. आमसुले भिजत घातली की पाण्याला येतो ना, नेमका तो रंग. १९५९ च्या दिवाळीत भिवंडीला घेतलेले ते लुगडे. आई गेली, बाकीच्या लुगड्यांच्या गोधड्या झाल्या, त्या गोधड्याही विरल्या; पण कोकमी काठाला कात्री लावायचा धीर मला कधी झाला नाही.

यंदा माझ्या नातीचे लग्न ठरले. एके दिवशी ट्रंक उघडून बसली आणि म्हणाली, “आजी, सीमांतपूजनाला मी पणजीचं हे लुगडं नेसणार. हातमागाचं आहे ना हे?”

“हातमागाचं म्हणजे! माझ्या डोळ्यांदेखत विणलेलं,” मी ऐटीत सांगून टाकले. पोरीने त्याच संध्याकाळी ही बातमी सासरच्या मंडळींना कळवली. आणि रात्री घडी मोडून पाहतो तो काय, काठाजवळ चांगला चार बोटे फाटलेला ओरखडा! ट्रंकेचा पत्रा गंजला होता, त्याने आपले काम केले होते.

इथे माझी थोडी कबुली द्यायला हवी. ‘आमच्या वेळी’ या दोन शब्दांनी सुरू होणारी वाक्ये माझ्या तोंडी फार असतात. हल्लीच्या कापडात जीव नाही, हल्लीच्या शिवणीत टाका नाही, हल्लीच्या भांड्याला वजन नाही, असा माझा नित्यपाठ. सूनबाई बिचारी ऐकून घेते. या सगळ्या पाठाचा मुख्य पुरावा म्हणजे हे लुगडे. तेव्हा ते दुरुस्त झालेच पाहिजे, आणि जिथे विणले गेले तिथेच झाले पाहिजे, असे मी मनाशी ठरवले.

माझे वडील भिवंडीला एका शाळेत मास्तर होते. आम्ही ब्राह्मण आळीत राहत असू. तिथून थोडे चालले की विणकरांचे बोळ लागत. सत्तावनच्या बंडानंतर उत्तरेकडून जे मोमीन विणकर दक्षिणेकडे सरकत आले, त्यांतले बरेच भिवंडीला आणि मालेगावला स्थिरावले. मी लहान असताना हातमाग विझत चालले होते, पण काही घरांत खड्ड्याचे माग अजून होते. विणकर कमरेपर्यंत जमिनीत उतरून बसलेला, पाय खाली पावड्यांवर आणि हात दोरीला. दोरीला झटका दिला की धोटा या टोकाचा त्या टोकाला पळे. जॉन के नावाच्या इंग्रजाने ही दोरीची युक्ती १७३३ साली काढली, हे मी पुढे शिक्षिका झाल्यावर वाचले. तेव्हा मला तो धोटा म्हणजे पिंजऱ्यातला उंदीरच वाटे. सकाळी बोळात लांबच्या लांब ताणा पसरलेला असे आणि दोन माणसे त्याला कुंच्याने खळ लावत. त्या खळीचा आंबूस वास अजून माझ्या नाकात आहे. ओसरीवर बायका रहाट फिरवून कांड्या भरत. आई मला घेऊन तिथे उभी राही. लुगडेही तिथलेच, असे मी ६५ वर्षे धरून चालले होते.

माझा एक जुना विद्यार्थी हल्ली पूर्ण्याच्या बाजूला गोदामांचा कारभार पाहतो. त्याला फोन केला. “बाई, एक म्हातारे मास्तर आहेत. सगळा जन्म मागावर गेला. त्यांच्या घरात रफूही उत्तम होतो. या तुम्ही, मी नेतो,” तो म्हणाला.

ठाण्याहून कशेळीचा पूल ओलांडून निघालो. काल्हेर, पूर्णे, राहनाळ असे करीत गाडी चालली आणि मी खिडकीतून भाताची खाचरे शोधत बसले. एक दिसेल तर शपथ! दुतर्फा गोदामे, त्यांच्यापुढे मालमोटारींची रांग. अख्ख्या मुंबईला घरबसल्या जे काही पोहोचते, त्यातले पुष्कळसे आता इथून निघते म्हणतात. अंजूर फाटा, मग धामणकर नाका. आणि मग एका गल्लीत शिरताना मला एकदम चुकल्याचुकल्यासारखे झाले. कशामुळे, ते चटकन कळेना. मग उमगले: खटक्याचा आवाज नव्हता. पूर्वी भिवंडीत शिरले की जमिनीतून ‘खटाखट खटाखट’ येई, रात्री निजल्यावर उशीतून ऐकू येई. या गल्लीत एकच माग कुठेतरी दूर चालू होता.

मास्तर ऐंशीच्या पुढचे. पांढरी दाढी, स्वच्छ कुडता. कानाने कमी ऐकू येते, मागाच्या खात्यात जन्म काढलेल्या माणसाचे असेच होते. मी मोठ्याने बोलू लागले. त्यांनी हसून हात केला, “बहेनजी, ओरडू नका. तोंडाकडे बघून कळतं मला. खात्यात सगळे असेच बोलतो आम्ही.”

मी लुगडे पुढे ठेवले आणि त्याचा इतिहास सांगितला. बोळ, खड्ड्याचा माग, धोटा, आई, सगळे. त्यांनी चष्मा पुसला, लुगडे जाजमावर पसरले, तळहात हलकेच फिरवला. मग पेटीतून एक लहानसे घडीचे भिंग काढले, कापडावर ठेवले आणि सुईच्या टोकाने आडवे धागे मोजले. दोन हात सरकून पुन्हा मोजले. पदराजवळ मोजले, आतल्या टोकाला मोजले. पाच-सहा ठिकाणी झाले. भिंग मिटले आणि थोडा वेळ गप्प बसले. वैद्याने नाडी पाहून गप्प बसावे, तसे.

“बहेनजी, राग मानू नका. हे हातमागाचं नाही. पॉवरलूमचं आहे.”

खोटे कशाला सांगू, मला राग आलाच. “मी पाहिलंय ना!” मी म्हटले.

“माग पाहिला असाल. हे कापड त्यावरचं नाही.” आणि त्यांनी मला शाळेतल्या मुलीसारखे समजावून सांगितले. हाताने विणणाऱ्याचा ठोका जेवणाआधी वेगळा, जेवणानंतर वेगळा. इंचातले धागे दोन-चारने कमीजास्त होणारच. इथे जिथे पाहावे तिथे एकच आकडा. मग त्यांनी कडा उजेडात धरली. दोन्ही कडांना सुईच्या अग्राएवढ्या भोकांची अखंड ओळ. कापड रुंदीला ताणून धरणारी काटेरी फिरकी यंत्रमागावर असते, तिचे ते दात. हातमागावर विणकर काटे लावलेली पट्टी ठेवतो आणि पुढे पुढे सरकवतो. तिच्या खुणा टप्प्याटप्प्याने पडतात.

“आणि हा काठ,” ते म्हणाले. “हातमागाचा चांगला काठ म्हणजे तीन धोटे. काठाला दोन्हीकडे लाल धोटा, मध्ये अंगाला निळा. दोन रंग सीमेवर एकमेकांत अडकवायचे. काठ मग नुसता लाल, कुंकवासारखा. कधी मदतीला पोरगा बसवावा लागतो. साध्या पॉवरलूमला धोटा एक. तो निळा धागा घेऊन या काठापासून त्या काठापर्यंत जाणार. ताणा लाल, त्यात बाणा निळा. रंग कोणता होणार?”

कोकमी! आईचा आवडता, साऱ्या आळीत मिरवलेला कोकमी रंग म्हणजे एका धोट्याची काटकसर!

माझा चेहरा उतरला असावा, कारण आतून चहा आला. मी विचारले, “मग तो खड्ड्याचा माग? ती कारागिरी?”

“कारागिरी होतीच,” ते म्हणाले, “पण तुम्ही वरून पाहिलीत. माझे वडील त्या खड्ड्यात बसत. पावसाळ्यात खड्ड्याला ओल यायची, गुडघे जन्मभर धरलेले. आई पहाटेपासून कांड्या भरायची, आम्ही पोरं पण भरायचो. मजुरी एकाच माणसाची. सूत महाग झालं की माग बंद, माग बंद की चूल बंद. बिजलीचे माग आले तेव्हा वडिलांनी शुक्राना केला. तुम्ही लोक रडता हातमागासाठी, ते रडले नाहीत.”

भिवंडीत विजेचे माग दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच आले होते. पुढे स्वातंत्र्यानंतर दिल्लीत या प्रश्नावर समित्या बसल्या. १९५४ मध्ये कानुनगो समितीने सांगितले की हातमागांचे हळूहळू यंत्रमाग करावेत. लगेच १९५५ मध्ये आपल्या द. गो. कर्व्यांच्या समितीचा भर पडला तो हातांना काम राहावे यावर. समित्यांचे वाद चालले होते तेव्हा भिवंडीचा विणकर मुंबईच्या गिरण्यांनी काढून टाकलेले जुने माग खरेदी करीत होता. मग १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि तो संप रीतसर मागे घेतला असे कधी झालेच नाही. गिरणगाव थंडावले, भिवंडीचा खटका वाढला. लाखांनी माग झाले. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून माणसे आली. पद्मानगरला तेलुगू विणकरांची वस्तीच आहे.

“मग तुमचे माग?” मी विचारले.

“चार होते. गेल्या वर्षी भंगारात दिले. किलोवर.” त्यांनी हाताने तराजू केला. नव्या मागांना धोटाच नसतो. दांडी धागा पोहोचवते, नाहीतर वाऱ्याचा झोत. साधा माग मिनिटाला दीडशेच्या आसपास फेरे मारणार, हे नवे त्याच्या कितीतरी पट. त्यात सुताचे भाव, विजेचे बिल. आणि शेडच्या जागेला गोदामवाला देतो ते भाडे.

मग ते उठले, फळीवरून एक धोटा काढून आणला. लाकडी, दोन्ही टोकांना लोखंडी अणकुच्या, मधली बाजू हाताने घासून चकचकीत झालेली. बाजूच्या भोकाला ओठ लावून त्यांनी श्वास आत ओढला. धागा असा ओठाने ओढून घ्यायचा. खात्यात सगळे असेच करीत. पोटात किती सूत गेले असेल देव जाणे, म्हणून हसले. ज्या यंत्राने हातमाग मारला त्याचीच आठवण म्हणून ठेवलेली ती वस्तू! मी त्यांना काय म्हणणार? माझ्या ट्रंकेत तरी दुसरे काय होते?

“आता हे बघा,” त्यांनी पुन्हा लुगडे ओढले. “त्या वेळच्या साध्या मागाला ताण्याचा धागा तुटला तर थांबायची अक्कल नव्हती. माग चालूच राहणार, कापडात फट पडत जाणार. ती अक्कल माणसाच्या डोळ्यांत. एक माणूस दोन-दोन, चार-चार माग बघतो, रात्रपाळी, दिवा मंद. तुमचं लुगडं मी पदरापासून शेवटापर्यंत पाहिलं. फट एक नाही. तीन ठिकाणी धागा तुटलाय, तिन्ही वेळा लगेच सापडलाय.” त्यांनी एक जागा दाखवली. मला काही दिसेना. माझे बोट धरून तिथे टेकवले, तेव्हा मोहरीहून लहान अशी एक गाठ हाताला लागली. “हा माणूस झोपला नव्हता,” मास्तर म्हणाले.

६५ वर्षे मी ते लुगडे जपले आणि ती गाठ मला माहीत नव्हती.

रफू त्यांच्या सुनेने केला. माझ्याकडे दोरा होता, जुळणाराही वाटत होता. तिने तो बाजूला सारला. लुगड्याचे आतले टोक, जे नेसल्यावर कधीच दिसत नाही, तिथून तिने निळे आणि लाल धागे एकेक करून उपसून काढले. त्याच वयाचे, तितकेच विटलेले. मग मांडीवर पालथी वाटी, तीवर कापड ताणलेले, आणि बारीक सुईने वर-खाली वर-खाली. आधी लाल उभे, मग निळे आडवे. दोन तास मान वर केली नाही. मध्ये एकदा लाईट गेली तर दारात जाऊन बसली. पैसे घेताना मात्र तिने सासऱ्यांकडे पाहिले नाही. ठरलेले होते तेवढे मोजून घेतले. मला ते आवडले. कसबाला मोल असावे, कौतुकावर भागवू नये.

घरी आल्यावर नातीला सगळे सांगितले. ती गोंधळली. “अगं आजी, पण मी तर तिकडे हातमागाचं म्हणून सांगून बसलेय!”

“मग आता यंत्रमागाचं म्हणून सांग. आणि चूक आजीची, असंही सांग.”

“तू पाहिलेलं खोटं होतं का मग?”

“माग पाहिला तो खरा. आईने लुगडं दुसऱ्या दुकानातून घेतलं असेल. हातमागाचं तीन धोट्यांचं तिला परवडलं नसेल, मास्तरांच्या पगारात.” हे बोलेपर्यंत हा विचार माझ्या मनात आलाच नव्हता. त्या बोळात आई इतका वेळ उभी का राहायची, हेही मला तेव्हाच कळले.

पोर काही बोलली नाही. मग तिने लुगडे पलंगावर पसरले, मोबाईलचा दिवा लावला आणि रफू शोधू लागली. मीही चष्मा लावून वाकले. सूनबाई आली, तीही वाकली. ओरखडा काठापासून वीतभर आत होता की कमी, यावरून आमच्या दोघींचा वाद झाला. जागा काही सापडली नाही. गाठ मात्र नातीला लगेच सापडली.