इंजिन काम करायचं की इंजिनच बदलायचं? आधी वही काढा

गेल्या रविवारच्या बॅचमध्ये मसाल्याचा धंदा सुरू केलेला एक मुलगा चहाच्या वेळी बाजूला येऊन म्हणाला, "सर, काकांची २००९ ची ओम्नी कार्गो मिळालीये. धूर मारते. मेकॅनिक म्हणतो फुल इंजिन काम करा. मित्र म्हणतो भंगारातून दुसरं इंजिन आणून बसव. आणि बायको म्हणते सरळ नवीन गाडी घ्या. काय करू?"

मी त्याला विचारलं, "तू गाडी वापरतोस किती?" त्याला सांगता आलं नाही. २०१७ मध्ये मलाही आलं नव्हतं. त्याची किंमत मी मोजली आहे, म्हणून आज हा विषय.

वाईत आमचं पॅकिंग मटेरियलचं दुकान. पाचगणी-महाबळेश्वरची हॉटेलं, स्ट्रॉबेरीवाले, बेकरीवाले हे आमचं गिऱ्हाईक. कागदी बॉक्सचे गठ्ठे दिसायला हलके, पण गाडीत भरले की कळतं. वडिलांनी घेतलेली २००६ ची ओम्नी हा माल घेऊन पसरणी घाट चढायची. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, ताकद जेमतेम ३५ हॉर्सपॉवर. अकरा वर्षांनी ती घाटात दुसऱ्या गिअरच्या वर जाईना. मागून एसटी हॉर्न मारतेय, आणि आपण गिऱ्हाइकाला फोनवर "पोचलोच" म्हणतोय, असा प्रकार.

मी काय केलं? पिकअप वाढवायला निघालो. एका दुकानदाराने सांगितलं, एअर फिल्टर मोकळा टाका, सायलेन्सर बदला, गाडी पळेल. साडेसहा हजार गेले. गाडी पळाली नाही, आवाज मात्र पाचगणीपर्यंत ऐकू जायला लागला आणि अॅव्हरेज पडलं. इंजिन आतून झिजलेलं असताना त्याला बाहेरून मोकळा श्वास देऊन काय होणार? ज्याच्या गुडघ्याच्या वाट्या गेल्यात त्याला नवीन बूट घेऊन दिल्यासारखं ते.

"बोअर केलं की पॉवर वाढते" असंही तुम्हाला कोणीतरी सांगेल. हिशोब करून बघा. या इंजिनाचा बोअर ६८.५ मिलिमीटर आणि स्ट्रोक ७२. अर्धा मिलिमीटर बोअर वाढवला तर ७९६ चे साधारण ८०८ सीसी होतात. बारा सीसीने घाट सोपा होत नाही. बोअर करतात ते झिजलेला सिलिंडर पुन्हा गोल आणि सरळ व्हावा म्हणून. म्हणजे इंजिन काम केल्यावर जी ताकद येते ती नवीन नसते, आपलीच हरवलेली परत मिळते. एवढं डोक्यात बसलं तरी निम्मे पैसे वाचतात.

मग एका जुन्या मेकॅनिकने मला कॉम्प्रेशन टेस्ट करायला लावली. इंजिन गरम करायचं, सगळे स्पार्क प्लग काढायचे, एकेका भोकात गेज लावून स्टार्टर फिरवायचा. चांगल्या तब्येतीचं पेट्रोल इंजिन दीडशे पीएसआयच्या पुढे दाखवतं. माझे तीन आकडे आले १०५, ९० आणि ११०. मग त्याने प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजलं आणि आकडे वर गेले. याचा अर्थ रिंगा आणि सिलिंडर झिजलेत, ऑइलने ती फट तात्पुरती बुजवली. ऑइल टाकूनही आकडा तसाच राहिला असता तर दोष वरच्या बाजूला, वॉल्व्हमध्ये किंवा हेड गॅस्केटमध्ये असता. तेव्हा सगळं इंजिन उघडायची गरज नसते, हेडचं काम करून भागतं. धूरही थोडंफार सांगतो. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, आणि पांढरा धूर थांबतच नसेल व रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर पाणी आत शिरतंय. पण नुसत्या धुरावर तीस हजारांचा निर्णय घेऊ नका. गेजचा आकडा कागदावर लिहून मागा.

आता माझ्यासमोर चार रस्ते होते. एक, आहे तेच इंजिन उतरवून फुल काम. दोन, भंगारातलं तसलंच इंजिन. तीन, एस्टीमचं मोठं इंजिन बसवणं (हा सल्ला देणारे हौशी लोक प्रत्येक गावात असतात). चार, हप्त्यावर नवीन गाडी.

तिसरा मी लगेच सोडला. ओम्नीचे ब्रेक, गिअरबॉक्स, रेडिएटर सगळं ३५ हॉर्सपॉवरच्या हिशोबाने बसवलेलं. पसरणी घाट चढताना मोठं इंजिन छान वाटेल, उतरताना ब्रेक तेच जुने. शिवाय कायदा आड येतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने ठरवलेल्या आणि आरसीवर असलेल्या तपशिलात तफावत पडेल असा बदल मालकाने करायचा नाही. सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये याच कलमावर कडक भूमिका घेतली.

दुसऱ्या रस्त्याला मात्र मी भुललो. एकाने तसलंच इंजिन दाखवलं, अठरा हजार. चालू करून दाखवलं, आवाज गोड. पाच हजार अॅडव्हान्स देऊन आलो. घरी वडिलांनी एकच प्रश्न विचारला, "बिल देणारे का?" मी फोन केला. तो म्हणाला, "भाऊ, भंगाराचं कुठं बिल असतं?" कोणत्या गाडीतून निघालं, तेही सांगेना.

इथे नीट थांबा. इंजिन नंबर तुमच्या आरसीवर छापलेला असतो. त्याच जातीचं इंजिन टाकलं तरी आरटीओची परवानगी आणि नवीन नंबरची नोंद लागते, आणि त्यासाठी ते इंजिन तुम्ही कोणाकडून घेतलं याचा कागद लागतो. आठ वर्षं उलटलेल्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस. तिथे नंबर जुळला नाही तर गाडी उभी राहते. अपघात झाला तर विम्याचा सर्व्हेअरही नंबर बघतो. आणि ते इंजिन चोरीच्या गाडीचं निघालं तर? वडील म्हणाले, "बिलाशिवाय आपण पेपर कपचा बॉक्स घेत नाही, आणि इंजिन घेतोस?" अॅडव्हान्स परत मिळाला नाही. पाच हजार आणि सायलेन्सरचे साडेसहा, असे साडेअकरा हजार इंजिनाला हात न लावता गेले.

तेव्हा मनात आलं, आता एवढे घातलेत तर ते इंजिन घेऊनच टाकू, निदान पाच हजार तरी वसूल होतील. बीबीएला सन्क कॉस्ट शिकलो होतो, परीक्षेत लिहूनही आलो होतो. गॅरेजमध्ये उभं राहिल्यावर आठवायला दोन दिवस लागले.

मग वही काढली. फुल कामाचं एस्टिमेट असं: पिस्टन, रिंगा, बेअरिंग, गॅस्केट सेट, टायमिंग बेल्ट, वॉटर पंप मिळून १७,५०० चे पार्ट, लेथवरचं काम ६,५०० आणि मजुरी ७,०००. एकूण ३१,०००. पार्ट मी स्वतः बिलासकट आणून दिले, तुम्हीही तसंच करा. काम मुद्दाम जुलैत काढलं, कारण पावसाळ्यात वर धुकं आणि हॉटेलं ओस. नऊ दिवस गाडी उभी, त्यात तीन फेऱ्या भाड्याच्या टेम्पोने, १,८०० प्रमाणे ५,४००. हेच काम मेच्या सीझनमध्ये करावं लागलं असतं तर टेम्पोचंच भाडं दुप्पट-तिप्पट झालं असतं आणि दोन गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली असती. म्हणजे खरा खर्च ३६,४००. गाडी तीन वर्षं काढायची ठरवली, तर महिन्याला साधारण १,०१०. नवीन गाडीचा हप्ता तेव्हा सहा हजारांच्या वर जात होता, डाउन पेमेंट वेगळं. आठवड्याला माझ्या चार फेऱ्या. तेवढ्या कामावर तो हप्ता झेपला नसता.

हे आकडे माझे आणि तेव्हाचे. तुमचे तुम्ही काढा. फक्त दोन गोष्टी धरायला विसरू नका. फुल काम केलेली गाडी विकताना ते ३१,००० कोणी वाढवून देत नाही. आणि इंजिन नवं होतं, पत्रा जुनाच राहतो. खालून फ्लोअर सडला असेल, दरवाजाखाली बोट आत जात असेल, गिअरबॉक्स ओरडत असेल, तर इंजिनात एक रुपया घालू नका. पंधरा वर्षांवरच्या मालवाहू गाड्यांची फिटनेस फी २०२२ पासून बरीच वाढली आहे, तीही वहीत लिहा.

त्या मसालेवाल्याला मी फक्त टेस्ट करून यायला सांगितलं. परवा त्याचा मेसेज आला: १५२, १४८ आणि ६०, ऑइल टाकल्यावरही ६०. एक वॉल्व्ह जळलेला. हेडच्या कामात भागतंय. पण पत्रा मला फोटोतच सडका दिसला, म्हणून त्याला सांगितलं की ही गाडी दिवाळीपर्यंतच वापर. नवीन गाडीचा जो हप्ता येईल तो आत्तापासून दर महिन्याला आरडीत टाक. चार महिने भरता आला तर शोरूमला जा, नाही आला तर भाड्याच्या टेम्पोवर धंदा चालव.

आमची ओम्नी कामानंतर पहिले हजार किलोमीटर मी हळू चालवली, मध्ये एकदा ऑइल बदललं, आणि ती लॉकडाउनपर्यंत घाट चढत राहिली. मग विकली. तो साडेसहा हजारांच्या खर्चातला सायलेन्सर मात्र अजून दुकानाच्या माळ्यावर आहे. कुणाला हवा असेल तर वाईला या, फुकट घेऊन जा.