खुले सामने आणि स्विस पद्धति

पारशिवनीसारख्या गांवीं कबड्डीचे सामने भरले म्हणजे पहिल्याच फेरींत हरलेला संघ दुपारच्या गाडीनें घरीं परततो. बाद पद्धतीचा कायदाच तो. नागपूरच्या दिव्या देशमुख यांनीं २०२५ सालीं बाटुमी येथें महिलांचा बुद्धिबळ-विश्वचषक जिंकला तो याच पद्धतीनें. परंतु त्याच्या आदल्या वर्षीं गांधीनगर येथें त्यांनीं ११ पैकीं १० गुण मिळवून कनिष्ठ मुलींचें जागतिक अजिंक्यपद पटकावलें, तेव्हांची पद्धति निराळी होती. तिला स्विस पद्धति म्हणतात. १८९५ सालीं झुरिकच्या बुद्धिबळ-सामन्यांत ती प्रथम योजली गेली, आणि पुढें पत्त्यांच्या एका नव्या खेळानें ती उचलली.

हे पत्ते आपल्या बावन्न पानांच्या जोडासारखे नव्हेत. रिचर्ड गारफील्ड या अमेरिकन गणितज्ञाचा 'मॅजिक : द गॅदरिंग' हा खेळ १९९३ सालीं निघाला. पानें बंद पुडक्यांतून विकत घ्यावयाचीं. आंत काय निघेल तें ठाऊक नसतें. त्यांतून प्रत्येकानें आपापला जोड जुळवावयाचा. अर्थात् ज्याची थैली मोठी त्याचा जोड भारी. या खेळाचें हें न्यून लपविण्यांत अर्थ नाहीं. मात्र २०१५ सालीं लास व्हेगास येथें साडेसात हजारांवर खेळाडू जमले, तेव्हां पुडकीं जागच्या जागीं देऊन त्यांतूनच ४० पानांचा जोड करावयाचा होता. घरच्या संग्रहाचा तेथें कांहीं उपयोग नव्हता.

अशा सामन्यास फी भरून कोणीहि बसावें. पहिल्या फेरीच्या जोड्या चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें पडतात. पुढें मात्र समान गुणांचे खेळाडू एकमेकांसमोर येतात, आणि एकदां भेटलेला प्रतिस्पर्धी पुन्हां भेटत नाहीं. जिंकल्यास ३ गुण, बरोबरीस १. हरलेला मनुष्य घरीं जात नाहीं. तो आपल्यासारख्याच हरलेल्याशीं खेळतो.

समजा, १०२४ खेळाडू आहेत, १० फेऱ्या झाल्या व बरोबरी एकहि नाहीं. तर एकदांहि न हरलेला एकच उरतो; एकदांच हरलेले १०, दोनदां हरलेले ४५. शेवटीं पहिल्या आठांत बाद पद्धतीचा सामना होतो. अपराजिताची जागा ठरलेली. उरलेल्या सात जागांना हक्कदार दहा! तिघांनीं नऊ डाव जिंकूनहि बाहेर राहावयाचें.

हे तिघे कोण, हें त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांच्या यशावरून ठरतें. ज्याचे प्रतिस्पर्धी अधिक जिंकले तो वर. येथेंच पद्धतीची खोंच आहे. शेवटच्या फेरींत हरलेला दिवसभर अपराजितांशींच झुंजलेला असतो. पहिल्याच फेरींत हरलेल्याला मात्र पुढें हरलेल्यांतूनच वाट काढावी लागते. म्हणून गुण सारखे असूनहि तो बहुधा मागें पडतो. आघाडीचे दोघे शेवटीं संगनमतानें बरोबरी करून जागा पक्की करूं शकतात. तें नियमांत बसतें. पैसे देऊन हार विकत घेणाऱ्यास मात्र सामन्यांतून काढून टाकतात.

म्हणूनच सायंकाळीं एक चमत्कारिक दृश्य दिसतें. आपला डाव संपवून आलेला खेळाडू दुसऱ्याच मेजाशीं जाऊन उभा राहतो. सकाळीं ज्यानें त्याला हरविलें, तो तेथें खेळत असतो. आणि हा त्याच्या जयाची वाट पाहत असतो.