डबल यलो 'अटेन्शन', सिंगल यलो 'कॉशन': सावधगिरीच्या इंग्रजी शब्दांत नेमका फरक काय?

कल्याण जवळ आलं की पत्री पुलाच्या आसपास लोकल रेंगाळते, हे डोंबिवली-कल्याणकरांना सांगायला नको. अशा वेळी मोटरमनला समोर जे दिवे दिसतात, त्यांना रेल्वेच्या नियमांत ठरलेली इंग्रजी नावं आहेत. दोन पिवळे दिवे म्हणजे 'अटेन्शन', एक पिवळा म्हणजे 'कॉशन'. आपण दोन्हीला 'सावधान' म्हणून मोकळे होऊ. रेल्वेला तसं चालत नाही.

'अटेन्शन' दिसलं तर पुढे जायचं, पण पुढचा सिग्नल मर्यादित वेगाने ओलांडायच्या तयारीत राहायचं. 'कॉशन' दिसलं तरी पुढे जायचं, पण पुढच्या सिग्नलला थांबायच्या तयारीत. पहिला शब्द लक्ष मागतो. दुसरा शब्द पुढे अडचण असेल असं धरूनच चालायला सांगतो. रुळांचं काम सुरू असलेल्या ठिकाणी गाडी हळू नेण्याचा जो लेखी आदेश मिळतो, तोही 'कॉशन ऑर्डर'च.

रोजच्या इंग्रजीत 'केअरफुल' आणि 'कॉशस' यांच्यातही अशीच रेघ आहे. केअरफुल माणूस काम चुकू नये म्हणून जपतो, कॉशस माणूस धोका नको म्हणून. केअरफुल अकाउंटंट आकडे दोनदा तपासतो. कॉशस अकाउंटंट शंका असलेल्या बिलावर सहीच करत नाही. त्यामुळे मुलाखतीत 'मी काळजीपूर्वक काम करतो' म्हणायचं असेल, तर 'केअरफुल' म्हणा. 'कॉशस' म्हटलंत तर समोरच्याला वाटू शकतं की हा निर्णय घ्यायला कचरतो.

'वेअरी' यापेक्षा वेगळा, कारण त्यात संशय आहे. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, तो वेअरी. अनोळखी नंबरवरून 'केवायसी अपडेट करा' असा फोन आला की व्हायचं ते हेच. स्पेलिंग मात्र सांभाळा. मध्ये एक 'ई' जास्त पडला की शब्द 'विअरी' होतो, म्हणजे थकलेला. संध्याकाळची फास्ट लोकल पकडून घरी पोहोचणाऱ्याला तोही लागू पडतो म्हणा!

'व्हिजिलंट' हा लांब पल्ल्याचा शब्द. त्याच्या मुळाशी लॅटिनमधलं जागं राहणं आहे, अगदी आपल्या 'जागरूक'सारखं. म्हणून भ्रष्टाचारावर नजर ठेवणाऱ्या व्हिजिलन्स कमिशनला मराठीत दक्षता आयोग म्हणतात. ते काम एका दिवसाचं नसतं. 'अलर्ट' त्याउलट आत्ताच्या क्षणाचा. तो इटालियनमधून आला आणि मूळ अर्थ होता उंचावर पहाऱ्याला उभं राहणं.

आणि इथेच आपली सगळ्यात मोठी गल्लत होते. पावसाळ्यात व्हॉट्सॲपवर येणारा 'ठाण्याला रेड अलर्ट' हा मेसेज आठवा. हवामान खात्याच्या रंगांच्या तक्त्यात लाल रंगासमोर 'अलर्ट' हा शब्दच नाही. पिवळ्यासमोर 'वॉच' आहे, म्हणजे माहिती घेत राहा. 'अलर्ट' आहे नारिंगीसमोर, म्हणजे तयारीत राहा. लालसमोर आहे 'वॉर्निंग', आणि त्याचा अर्थ कृती करा.

'रेड अलर्ट' बातम्यांमुळे रुळला (त्यात आम्हीही आलोच) आणि तिन्ही पायऱ्या आपल्या कानाला सारख्याच वाटू लागल्या. मग यलो असो की रेड, घरातून एकच वाक्य येतं, 'अलर्ट आहे, जपून जा.' रेडच्या दिवशी प्रश्न जपून जाण्याचा नसतो, जावं की नाही हा असतो.

हा नुसता शब्दांचा कीस नाही. 27 जुलै 2019 ला उल्हास नदीच्या पुरात बदलापूर आणि वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. हीच उल्हास पुढे कल्याणच्या कडेने वाहते. नदीकाठच्या सोसायटीत ऑरेंजच्या दिवशी फोन चार्ज करणं, कागदपत्रं वरच्या कपाटात ठेवणं, गाडी उंचावर लावणं ही तयारी झाली. रेड येईपर्यंत ही कामं उरकलेली असायला हवीत, कारण लाल रंगासमोर 'तयारीत राहा' असं लिहिलेलं नाही.