आधी आतल्याला जाऊ द्या

दोन्ही दिशांना एकेक लेन असलेले दोन रस्ते एकमेकांना छेदतात अशा साध्या चौकात गाड्यांचे मार्ग एकमेकांना भिडू शकतील अशा 32 जागा असतात. त्याच चौकात मधोमध सर्कल बांधून सगळ्यांना एका दिशेने फिरवलं, की त्या उरतात फक्त 8! वेग आपोआप उतरतो आणि समोरून कुणी येतच नाही.

पण सर्कलपेक्षा मोठं नवल आहे ते आधी कुणी जायचं या नियमाचं. ब्रिटनमधलं पहिलं सर्कल 1909च्या सुमारास लेचवर्थ गावात झालं. पुढे कितीतरी वर्षं आतल्याने थांबायचं की बाहेरच्याने, हे पक्कं ठरलेलंच नव्हतं. गाड्या वाढल्या तशी सर्कलं तुंबू लागली. तुंबायची कशी, ते बघा. आत फिरणारी एक गाडी डावीकडून शिरणाऱ्याला जागा देण्यासाठी थांबते. तिच्या मागचा थांबतो. त्याला खरं तर पुढच्याच फाट्याने बाहेर पडायचंय, पण तिथवर पोचताच येत नाही. रांग वाढत वाढत गोल फिरते आणि तिचं डोकं तिच्याच शेपटाला टेकतं. प्रत्येकाला बाहेर पडायचंय, आणि प्रत्येकानेच दुसऱ्याची वाट अडवलीय.

ही कोंडी फोडण्यासाठी ना रस्ता रुंद करावा लागला, ना सिग्नल बसवावा लागला. फ्रँक ब्लॅकमोर या अभियंत्याने एका नियमाचा पाठपुरावा केला: आत शिरणाऱ्याने थांबायचं, उजवीकडून येणाऱ्याला जाऊ द्यायचं. 1966 साली ब्रिटनभर तो लागू झाला. आतला अडत नाही, म्हणून तो बाहेर पडतो. तो बाहेर पडतो, म्हणून बाहेरच्याला जागा होते. डांबर तेच, गाड्या त्याच, फक्त थांबण्याची पाळी बदलली आणि सर्कल वाहतं झालं. किती देखणा विचार आहे हा!

आपणही डावीकडून गाडी चालवतो, त्यामुळे आपल्याकडेही नियम तोच आहे. 2017च्या केंद्रीय ड्रायव्हिंग नियमावलीनुसार सर्कलमध्ये आधीपासून असलेल्या वाहनाला आधी जाण्याचा हक्क आहे. बिनसिग्नलच्या साध्या चौकातही, वेगळी पाटी नसेल तर, उजवीकडून येणाऱ्याला वाट द्यायची.

उजवीकडे बघताना एक धोका मात्र ध्यानात ठेवायला हवा. पुढच्या काचेच्या कडेचा खांब आपल्या डोळ्याला अगदी जवळ असतो, म्हणून तो बरीच जागा झाकतो. तुमची गाडी पुढे सरकतेय आणि दुचाकीही फिरत जवळ येतेय, अशा वेळी ती दुचाकी बराच वेळ त्या खांबाआडच राहू शकते. नुसती नजर टाकून भागत नाही; मान पुढे-मागे करून खांबापलीकडे डोकवावं लागतं.

ब्रिटनच्या हायवे कोड या वाहतूक नियमावलीतली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. हे नियम आधी जाण्याचा हक्क कुणालाच बहाल करत नाहीत, दुसऱ्याला कधी जाऊ द्यायचं एवढंच सांगतात, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. म्हणजे पाळी तुमची असली तरी समोरचा थांबलाय हे दिसल्याशिवाय पुढे जायचं नाही.

तेव्हा सर्कलपाशी आलात की वेग उतरवा, मान हलवून उजवीकडे बघा, आतल्याला जाऊ द्या. बाहेर पडण्याआधी डावा इंडिकेटर नक्की द्या. तुमच्या फाट्यावर थांबलेल्याला आत शिरायचं की नाही, हे त्यावरूनच ठरवता येतं.