हिवतापाची लस : ७५ टक्क्यांचा अर्थ

हिवतापावर लस निघाल्याचे कळल्यापासून अनेकजण मला विचारतात, ‘डॉक्टर, ती टोचून घेतली की डासांची भीती संपली ना?’ उत्तर देण्यापूर्वी मूळ संशोधन काय सांगते ते पाहू.

इंग्लंडमधील ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी तयार केलेल्या या लसीचे नाव ‘आर-२१’. तिचे उत्पादन पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट करते. डास चावल्यावर हिवतापाचे जंतू रक्तावाटे यकृतात शिरतात, तेथे वाढतात व मग तांबड्या पेशींवर हल्ला करतात. या जंतूच्या पृष्ठभागावरील एका प्रथिनाची ओळख लस शरीराला आधीच करून देते, म्हणजे जंतूला यकृताच्या वाटेवरच अडवता येते.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०२४ साली मोठ्या चाचणीचा अहवाल प्रसिद्ध झाला. बुर्किना फासो, माली, केनिया व टांझानिया या आफ्रिकी देशांतील ५ ते ३६ महिने वयाची ४,८०० हून अधिक बालके तीत होती. काहींना ही लस दिली, तर काहींना तुलनेसाठी रेबीजची. वर्षभरात, ठराविक मोसमातच हिवताप पसरणाऱ्या भागांत लस ७५ टक्के, तर बारमाही हिवतापाच्या भागांत ६८ टक्के परिणामकारक ठरली.

याचा अर्थ शंभरातली २५ मुले आजारी पडलीच, असा नव्हे. लस नसलेल्या मुलांत हिवतापाचे १०० रुग्ण आढळले, तर तेवढ्याच लस घेतलेल्या मुलांत साधारण २५ आढळले. हिवतापाने लाखो बालके गमावणाऱ्या आफ्रिकेत ही घट फार मोलाची आहे. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये या लसीची शिफारस केली.

मात्र ही लस ‘फाल्सिपेरम’ जातीच्या जंतूसाठी आहे. आपल्याकडे ‘व्हायव्हॅक्स’ही भरपूर आढळतो, आणि त्यावर तिचा भरवसा नाही. शिवाय चाचणी बालकांवर झाली, मोठ्या माणसांवर नव्हे.

तेव्हा डासांची भीती संपलेली नाही. मच्छरदाणी वापरा, पाण्याच्या टाक्या झाकून ठेवा. थंडी वाजून ताप आल्यास त्याच दिवशी रक्त तपासून घ्या. व्हायव्हॅक्सचे जंतू यकृतात दडून बसतात व महिन्यांनंतर पुन्हा डोके वर काढतात. म्हणून ताप उतरला तरी डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या अर्ध्यावर सोडू नका.