नव्वद वर्षांचा संघ : उनिओन देपोर्तिवा सालामान्का

स्पेनच्या पश्चिम भागात, तोर्मेस नदीच्या काठी, १२१८ साली स्थापन झालेल्या विद्यापीठाच्या कीर्तीवर शतकानुशतके नांदत आलेल्या सालामान्का नगराने १९२३ च्या फेब्रुवारी महिन्यात आपला एक फुटबॉल संघ उभा केला. आणि पुढील नव्वद वर्षे नगराचे व भोवतालच्या खेड्यांचे रविवार पांढऱ्या सदऱ्याच्या, काळ्या विजारीच्या या संघाने व्यापून टाकले. स्पेनच्या सर्वोच्च श्रेणीत त्याला अवघे बारा हंगाम लाभले. बाकीचे सारे आयुष्य दुसऱ्या, तिसऱ्या श्रेणीच्या धुळीत गेले. तरीही त्याचा अंत कोणा प्रतिस्पर्ध्याने केला नाही. १८ जून २०१३ रोजी न्यायालयाच्या हुकुमाने तो विसर्जित झाला.

संघाचे वैभव सुरू झाले ते १९७० मध्ये, जेव्हा एल काल्वारिओ हे जुने मैदान सोडून तो शहराबाहेरच्या एल एल्मांतिको या नव्या, प्रशस्त क्रीडांगणात आला. चारच वर्षांत, होसे लुइस गार्सिया त्राइद या प्रशिक्षकाच्या हाताखाली, त्याने प्रथमच सर्वोच्च श्रेणी गाठली आणि सलग सात हंगाम तेथे आपले स्थान राखले. माद्रिद-बार्सेलोनाचे धनाढ्य संघ ज्या पंक्तीला बसतात, तिथे विद्यार्थ्यांच्या आणि शेतकऱ्यांच्या या मध्यम शहराने स्वतःचे पान मांडावे, याचा अभिमान त्या प्रांतात अद्याप ओसरलेला नाही. पुढे स्पेनला विश्वचषक मिळवून देणारे प्रशिक्षक विसेंते देल बोस्के हेही याच शहराचे. त्यांचे खेळाचे पहिले धडे सालामान्काच्या दुय्यम संघातच गिरवले गेले.

परंतु या संघाचा स्वभाव ओळखायचा असेल, तर १९९५ च्या जूनमधील एक सामना पाहावा. वरच्या श्रेणीत प्रवेश मिळवण्यासाठी अल्बासेते संघाशी दोन लढती व्हायच्या होत्या, आणि पहिलीत, आपल्याच मैदानावर, आपल्याच माणसांसमोर सालामान्का दोन गोलांनी हरला. आशा धरण्याजोगे काही उरले नव्हते. वयाची तिशीही न गाठलेला प्रशिक्षक हुआनमा लियो आपल्या खेळाडूंना घेऊन अल्बासेतेला गेला. तेथे नियमित वेळेत दोन गोल करून त्यांनी बरोबरी साधली, आणि जादा वेळेत आणखी तीन चढवून सामना पाच-शून्याने जिंकला. परगावी, हरलेल्या बाजीतून मिळवलेल्या या विजयाने लियो सर्वोच्च श्रेणीतील सर्वांत तरुण प्रशिक्षक ठरला.

याच काळात संघाच्या अंताची बीजे पेरली जात होती. १९९० च्या क्रीडाविषयक कायद्याने व्यावसायिक श्रेणीतील क्लबांना सभासदांच्या संस्थेचे रूप टाकून भागभांडवलाची कंपनी होणे भाग पाडले. ज्यांचे हिशेब चोख होते, अशा रेआल माद्रिद, बार्सेलोना, बिल्बाओ आणि ओसासुना या चौघांनाच सवलत मिळाली. कर्ज आटोक्यात यावे, कारभाराला जबाबदार धनी असावा, हा कायद्याचा हेतू स्वच्छ होता; परंतु वर्षानुवर्षे वर्गणी भरणारा सभासद त्यामुळे एका रात्रीत नुसता प्रेक्षक झाला. कागदपत्रांचा हा अंमल किती कठोर असतो, हे १९९५ च्याच ऑगस्टमध्ये दिसले. आर्थिक हमी मुदतीत दाखल न केल्याबद्दल सेविया आणि सेल्ता या संघांची खालच्या श्रेणीत रवानगी झाली, तेव्हा हजारो लोक रस्त्यावर उतरले, आणि अखेर वरची श्रेणीच बावीस संघांची करून सर्वांना सामावून घ्यावे लागले. सालामान्काच्या वाट्याला अशी सवलत आली नाही. १९९९ मध्ये तो सर्वोच्च श्रेणीतून कायमचा उतरला, २०११ मध्ये तिसऱ्या श्रेणीत आला, कर्जाचा डोंगर वाढत गेला, आणि दोन वर्षांनी दिवाळखोरीच्या कारवाईतून विसर्जनाचा हुकूम निघाला.

त्यानंतर जे घडले ते मला त्या साऱ्या विजयांहून मोलाचे वाटते. त्याच वर्षी काही निष्ठावंत पाठीराख्यांनी उनिओनिस्तास दे सालामान्का नावाचा नवा क्लब स्थापन केला. त्याचा मालक कोणी धनिक नव्हे. प्रत्येक सभासदाला एक मत, हा त्याचा पाया. जिल्ह्याच्या तळाच्या श्रेणीतून त्याने आरंभ केला, आणि २०१८ मध्ये, म्हणजे चार हंगामांत, तिसऱ्या श्रेणीपर्यंत मजल मारली. जानेवारी २०२० मध्ये चषकस्पर्धेत रेआल माद्रिद त्याच्या छोट्याशा मैदानावर खेळायला आला. उनिओनिस्तासने एकेक गोलाची बरोबरी साधली होती, शेवटी तीन-एकने हार पत्करली. एल एल्मांतिकोत मात्र जुन्या नावाचा वारसा सांगणारा दुसराच संघ खेळतो, आणि शहराची निष्ठा त्यामुळे दुभंगली आहे, हे दुःखही खरे.

कंपनी विसर्जित करण्याचा अधिकार न्यायालयाला होता आणि कायद्याच्या दृष्टीने निकाल रास्तच होता. परंतु संघ म्हणजे कंपनी नव्हे. ज्यांनी त्याला नव्वद वर्षे पोसले, त्यांनाच त्याच्या भवितव्याविषयी मत असावयास हवे होते. उनिओनिस्तासच्या सभासदांनी ते मत परत मिळवले, आणि त्यासाठी तळापासून पुन्हा चढावे लागले तरी त्यांनी ती किंमत आनंदाने मोजली.