तेरा डॉलरचा बारगीर

१८६७ ते १८९१ या पंचवीस वर्षांत अमेरिकेच्या सैन्यात जितकी माणसे भरती झाली, त्यांतली साधारण एक-तृतीयांश मुदत पुरी होण्याआधीच पळून गेली. पश्चिमेच्या सरहद्दीवर लढाईत पडलेल्या शिपायांची संख्या या आकड्यापुढे अगदीच किरकोळ ठरते. चित्रपटांनी आपल्या डोळ्यांपुढे उभा केलेला निळ्या डगल्याचा, बिगुलाच्या तालावर दौडणारा घोडेस्वार या आकड्यात कुठे बसवायचा? त्या काळचे सेनाधिकारी पळालेल्यांना भित्रे आणि कुचकामी ठरवून मोकळे होत. पण ही पळापळ कधी वाढली आणि कधी ओसरली हे पाहिले, की लढाईशी तिचा फारसा संबंध नव्हता असेच दिसते. पाच वर्षांच्या कराराने बांधलेला मजूर करार परवडेनासा झाला म्हणून काम टाकून जातो, त्यातलाच हा प्रकार होता.

आपल्या जुन्या भाषेत सांगायचे तर हा शिपाई शिलेदार नव्हे, बारगीर. घोडा सरकारचा, खोगीर सरकारचे, कार्बाइनही सरकारची. त्याचा स्वतःचा फक्त देह. दिवस उजाडे तो पागेत: खरारा, पाणी, चंदी. घोड्याला रोज चौदा पौंड गवत आणि बारा पौंड दाणा बांधून दिलेला असे. स्वाराच्या शिध्यात बारा औंस खारवलेले डुकराचे मांस किंवा वीस औंस गोमांस, जोडीला पाव किंवा दगडासारखी कडक बिस्किटे, घेवडा आणि कॉफी. बिस्किट कॉफीत बुडवायचे, किडे वर तरंगले की चमच्याने काढायचे आणि मग खायचे. ताजी भाजी शिध्यात नव्हतीच. पलटणीने स्वतः मळा लावला तर मिळायची, नाहीतर हिवाळाअखेर हिरड्या सुजायच्या. मोहिमेवर मुक्काम पडला की आधी जनावराचे पाणी-दाणा, मग माणसाचे जेवण. १८७६च्या पावसाळी शरदात जनरल जॉर्ज क्रुकच्या फौजेचा शिधा डाकोटाच्या चिखलात संपला. तेव्हा स्वारांनी ज्या घोड्यांना वर्षभर खरारा केला होता, तेच मारून खाल्ले. पण असे प्रसंग विरळा. एरवीचे दिवस लाकूड तोडण्यात, नदीवरचा बर्फ कापून साठवण्यात, रस्ते बांधण्यात आणि बराकी लिंपण्यात जात. १८७०च्या दशकाच्या आरंभी नेमबाजीच्या सरावाला महिन्याकाठी जेमतेम दहा-पंधरा काडतुसे मिळत. कुदळीचा सराव मात्र रोजचा होता.

आता पगार पाहा. यादवी युद्धानंतर साध्या शिपायाला महिना सोळा डॉलर मिळत. १८७१च्या जुलैपासून ते तेरा झाले. त्या सुमारास वर्षभरात सैन्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा पळाला. पुढे १८७३ची मंदी आली, कारखाने थंडावले आणि पळणाऱ्यांचे प्रमाणही उतरले. भीती हेच कारण असते तर उलट व्हायला हवे होते, कारण लिटल बिगहॉर्नसारख्या मोठ्या लढाया मंदीनंतरच झाल्या. १८७७ साली तर अमेरिकेच्या काँग्रेसने सैन्याचा खर्चच मंजूर केला नाही आणि जुलैपासून नोव्हेंबरपर्यंत एक छदामही हाती पडला नाही. त्याच महिन्यांत सातव्या आणि दुसऱ्या घोडदळाचे स्वार नेझ पर्से या मूळनिवासी जमातीचा पाठलाग करत मोंटानात बेअर पॉच्या डोंगरांपर्यंत पोचले आणि तिथे पगाराविना लढले. ऋतूंचाही हिशेब तोच सांगतो. हिवाळ्यात छप्पर आणि अन्न मिळावे म्हणून भरती व्हायचे आणि वसंतात खाणी, रेल्वेची कामे सुरू झाली की पसार व्हायचे, ही सर्रास रीत होती. १८६७च्या जुलैत सातव्या घोडदळाचा अधिकारी कस्टर याच्या तुकडीतून एका दिवसात तीसहून अधिक जण निघून गेले, तेही कोलोरॅडोच्या सोन्याच्या खाणी आवाक्यात असताना. कस्टरने पळणाऱ्यांवर विनाचौकशी गोळ्या झाडायला लावल्या. लष्करी न्यायालयाने त्याला इतरही आरोपांसह त्याबद्दल दोषी धरून वर्षभर निलंबित केले, पण पळापळ काही थांबली नाही.

यावर एक आक्षेप नेहमीचा: माणसेच टाकाऊ होती, दारुडे, फरारी, इंग्रजी न कळणारे परदेशी. परदेशी होते हे खरे. यादवी युद्धानंतरच्या पहिल्या दशकात जवळजवळ निम्मे, त्यांत आयरिश आणि जर्मन सर्वाधिक. लिटल बिगहॉर्नला कस्टरची अखेरची चिठ्ठी नेणारा बिगुलवाला जोव्हानी मार्टिनी इटलीहून आलेला होता. पण माणसेच वाईट असती, तर मंदीत तीच माणसे टिकून कशी राहिली? दुसरा आक्षेप अधिक तिखट आहे. नववे आणि दहावे घोडदळ हे कृष्णवर्णीय शिपायांचे. शिधा तोच, पगार तोच, घोडे पुष्कळदा इतर पलटणींनी टाकून दिलेले. तरी १८७६ साली नवव्यातून सहा आणि दहाव्यातून अठरा जण पळाले. तिसऱ्या घोडदळातून एकशेसत्तर. हाल सारखे असून पळणारे इतके कमी कसे? उत्तर छावणीबाहेर आहे. गोऱ्या शिपायाला पळाल्यावर खाण, रेल्वे, शेत काहीही मिळे. मुक्त झालेल्या गुलामापुढे दक्षिणेत पुन्हा जुन्या मालकाची वाट्याने शेती. गोऱ्याइतकाच पगार देणारी जागा त्या देशात त्याला दुसरी क्वचितच सापडे. पण हा निव्वळ नाइलाज होता असे म्हटले तर मीच त्यांच्यावर अन्याय करीन. या पलटणींच्या धर्मगुरूंवर लिहायला-वाचायला शिकवण्याचे काम कायद्यानेच सोपवले होते, आणि सार्जंट इमॅन्युएल स्टान्सने १८७०च्या टेक्सासमधल्या कामगिरीवर मेडल ऑफ ऑनर हे शौर्यपदक मिळवले, ते काही नाइलाजाने नव्हे. करारात त्यांना आणखी काही मिळत होते आणि त्यांनी तो पाळला.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. शिपायाला मजूर म्हटले की त्याच्या हातचे रक्त धुतल्यासारखे होते. वॉशिटाकाठी १८६८ साली शायेन जमातीचे गाव पहाटे घेरले ते याच सातव्या घोडदळाने. मरायस नदीवर १८७०च्या जानेवारीत देवीच्या साथीने खंगलेल्या पीगन वस्तीवर गोळ्या झाडल्या त्या दुसऱ्या घोडदळाने. पगार कमी होता म्हणून गोळीची दिशा बदलत नाही. मात्र वेठीला जुंपलेला माणूस क्रूर होऊ शकत नाही, असे माझे म्हणणेच नाही. दोन्ही गोष्टी एकाच वर्षात दिसतात. १८९०च्या जूनमध्ये काँग्रेसने पळापळ रोखण्यासाठी कायदा केला: वर्षभराच्या नोकरीनंतर पैसे भरून सुटका घेण्याची सोय आली, शिध्यात रोज एक पौंड भाजी आली, आणि पळणाऱ्यांचे प्रमाण झपाट्याने घटले. धाकाने जे वीस वर्षांत साधले नव्हते ते भाजीने आणि सुटकेच्या वाटेने साधले. त्याच वर्षीच्या २९ डिसेंबरला वूंडेड नी इथे सातव्या घोडदळाने लाकोटा स्त्री-पुरुष-मुले मारली; दीडशेहून अधिक, बहुधा त्याहूनही कितीतरी जास्त. दुसऱ्या दिवशी ड्रेक्सेल मिशनजवळ सातवे स्वतःच कोंडीत सापडले, तेव्हा त्यांच्या सुटकेला नववे घोडदळ धावून गेले. पुढे बाकीच्या पलटणी आपापल्या बराकींत परतल्या, नववे मात्र लाकोटांच्या पाइन रिज राखीव प्रदेशात पहाऱ्याला, डाकोटाच्या थंडीत, तंबूत ठेवले गेले.